धरला हो, टोमॅटो धरला!

होतो हो, होतो! मालगुंडात टोमॅटो होतो. नुसतं झाड नाही, नुसती पिवळी फुलंही नाहीत. घोसाघोसानं लटकलेला, उन्हानं हाताला कोमट लागणारा, लालबुंद टोमॅटो होतो, आणि तो मी आमच्या आगरात उभ्याउभ्या, मीठसुद्धा न लावता खाल्ला आहे. ही बातमी मी भेटेल त्याला सांगत सुटले आहे. गायवाडीच्या पुळणीवर फिरायला येणाऱ्यांना सांगून झाली. केशवसुत स्मारक बघायला आलेल्या आणि रस्ता विचारायला आमच्या दारात थांबलेल्या पुण्याच्या एका कुटुंबाला सांगून झाली. गणपतीपुळ्याच्या रिक्षावाल्याला तर दोनदा. घरात आता मी "अरे, त्या फुलाचं काय असतं माहितीये का…" असं सुरू केलं की माणसं पाणी प्यायला उठतात. म्हणून लिहायला बसले. लिहिलेलं वाचतानाही माणसं अर्ध्यावर उठतात, पण निदान मला ती दिसत नाहीत.

घाटावरच्या वाचकाला वाटेल, यात काय एवढं? नारायणगाव नाहीतर पिंपळगाव बसवंतच्या बाजारात टोमॅटोच्या क्रेटच्या भिंती उभ्या राहतात, आणि भाव पडला की तोच टोमॅटो रस्त्यावर ओततात. आमच्याकडे तो आंबा घाट उतरून टेम्पोनं येतो. पावसाळ्यात घाटात दरड आली की भाजीवालीची टोपली रिकामी. २०२३ च्या जुलैत देशभर भाव शंभरीच्या पार गेले, तेव्हा तर वाडीत टोमॅटोचं कुणी नाव काढत नव्हतं. अडलं कुणाचंच नाही म्हणा. आमटीला आमसूल आहे, चिंच आहे, चैत्रात कैरी आहे. आंबटासाठी टोमॅटोची मिनतवारी करायची वेळ कोकणी माणसावर आलीच नाही, आणि त्यामुळे "आपल्याकडं टोमॅटो होत नाही" हे वाक्य खरं की खोटं ते बघायलाही कुणी गेलं नाही.

मी रोपं लावत होते तेव्हा पलीकडच्या आगरातले आबा गडग्यावर हात टेकून उभे होते. "वहिनी, झाड मोप व्हईल," म्हणाले, "पन धरायचा नाय."

आबांचं निरीक्षण सोळा आणे खरं. टोमॅटोचं झाड इथं माजतं. काळपट हिरवी पानं, अंगठ्याएवढं खोड, कमरेच्या वर उंची. पानांना नुसता हात लागला तरी बोटं पिवळी-हिरवी होतात आणि तो उग्र वास जेवेपर्यंत जात नाही. साबण लावला की फेससुद्धा हिरवट येतो. पानाखोडावरच्या बारीक लवेच्या टोकाला चिकट रस असतो, त्याची ही करामत. फुलंही भरपूर. आणि मग रोज सकाळी आळ्यात पिवळा सडा. फुलं देठासकट गळलेली.

त्यातलं एक फूल उचलून नीट बघा. देठ मुळापासून तुटलेला नसतो. त्यावर मध्येच एक फुगीर पेर असतं, तिथं तो स्वच्छ सुटलेला असतो. फूल फळलं नाही की झाड त्या पेराशी एक पडदा तयार करतं आणि फुलाला सोडून देतं. पिकलेला टोमॅटो खुडतानाही तिथंच 'टक्' होतं. म्हणजे गळती हा रोग नव्हे, झाडाचा तो निर्णय असतो. मग प्रश्न एवढाच उरला की झाडाला फूल ठेवायला पटवायचं कसं.

आणि याचं उत्तर मला भुंग्यानं दिलं!

थंडीतली सकाळ होती, दहा वाजून गेले होते, दव सुकलं होतं. आपला नेहमीचा काळा भुंगा, पंखांवर निळी-जांभळी झाक असलेला, वाळक्या बांबूला आणि घराच्या वाशांना भोकं पाडतो म्हणून ज्याला आपण झाडूनं हाकलतो तो. आला आणि टोमॅटोच्या फुलाला चक्क उलटा लटकला. फूल त्याच्या वजनानं वाकलं. उडताना त्याचा सूर खर्जातला असतो. फुलाला धरल्यावर तो एकदम वरच्या पट्टीत गेला. झीं! पुन्हा थोडं थांबून, झीं! पंख मिटलेले आणि आवाज चालू! मी अक्षरशः गुडघ्यावर बसले. त्याच्या पोटाशी पिवळसर भुकटी उडताना दिसली. मग तो पुढच्या फुलावर. तो गेल्यावर बघितलं तर फुलाच्या मधल्या पिवळ्या शंकूवर तपकिरी ओरखडे उमटलेले. जबड्यानं घट्ट धरल्याच्या त्या खुणा.

टोमॅटोचं फूल खाली तोंड करून लोंबतं. पाकळ्या मागे वळलेल्या, आणि मध्ये पुंकेसर एकमेकांना चिकटून झालेला शंकू. त्या शंकूच्या आत, मधोमध, स्त्रीकेसर. नर-मादी एकाच फुलात, एकाच खोलीत म्हणा ना, त्यामुळे दुसऱ्या झाडावरून पराग आणायची गरजच नाही. पण पराग आतल्या बाजूला कोंडलेला. तो सुटायचा तर शंकू थरथरायला हवा. वारा असला तर वारा हे काम थोडंफार करतो. भुंगा मात्र ते मन लावून करतो: पंखांना हालचाल न देता छातीतले उडायचे स्नायू सेकंदाला शेकडो वेळा कापवतो, आणि परागाचा फवारा खाली येतो. थोडा त्याच्या अंगावर, थोडा स्त्रीकेसराच्या टोकावर. या फुलात मध नसतोच, थेंबभरसुद्धा नाही, त्यामुळे मधासाठी येणाऱ्याचं इथं काम नाही. आपल्या पाळीव मधमाशीला ही थरथर जमत नाही. निळ्या पट्ट्यांच्या एका चपळ रानमाशीला जमते. आणि आपल्या या वासे पोखरणाऱ्या भुंग्याला जमते!

हे वाचल्यावर मला रात्रभर झोप नाही. युरोपात काचघरांत टोमॅटो पिकवतात, तिथं वारा नाही, भुंगा नाही. म्हणून मजूर लावून, हातात विजेवर थरथरणारी कांडी घेऊन, आठवड्यातून दोन-तीनदा एकेक घोस हलवायचे. मग रोलंड डी योंघ नावाच्या बेल्जियन पशुवैद्यानं, ज्याला गुबगुबीत केसाळ बंबल-बी पाळायचा छंद होता, त्या माशा काचघरात सोडून बघितल्या, आणि १९८७ मध्ये त्यांच्या वसाहती पेटीत भरून विकायची कंपनीच काढली. आज जगात बहुतेक ठिकाणी काचघरातला टोमॅटो अशा पेट्यांवर धरतो. आणि इथं आम्ही तेच काम फुकट करणाऱ्याला झाडूनं हाकलतो!

भुंगा येईल तेव्हा येईल, तोवर बोट आहे. भर सकाळी, दहा ते दुपारच्या आत, घोसाच्या देठावर मागून टिचकी मारायची. मी खाली मोबाइल धरला, काळा पडदा वर करून, आणि टिचकी मारली. पडद्यावर पिवळसर पिठाची झाक! ती बघून मी अशी ओरडले की आबांनी गडग्यापलीकडून "इंचू चावला काय?" म्हणून विचारलं. मग मुलाचा बॅटरीवर चालणारा टूथब्रश माझ्या ताब्यात आला. त्याची पाठ देठाला टेकवायची, क्षणभर, बस. फुलाला थेट लावायची नाही. नंतर काही दिवसांत पाकळ्या सुकतात, पण देठ हिरवाच राहतो, जरा जाड होतो, आणि सुकलेल्या पाकळ्यांच्या टोपीखालून मोहरीएवढा हिरवा मणी डोकावतो. धरला! त्या मण्यापासून लाल टोमॅटोपर्यंत दीड महिन्याच्या आगेमागे लागतात.

आता टिचकी मारून सगळं झालं असतं तर मी मे महिन्यातही मारत बसले असते. परागच निकामी असेल तर भुंगा तरी काय करणार? टोमॅटो मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वताच्या बाजूचा. त्याला दिवसा ऊन हवं आणि रात्री गारवा. रात्रीचा पारा १५ ते २० अंशांच्या दरम्यान असला की तो खूश. रात्र २१-२२ च्या वर राहू लागली आणि दिवस ३२ च्या वर, की पराग नीट तयार होत नाही. गंमत अशी की हा हिशेब फूल उमलतं त्या दिवसाचा नसतोच; पराग आत घडत असतो आठ-दहा दिवस आधी, कळी मिटलेली असताना. त्यामुळे आज छान गार आहे आणि तरी फूल गळलं, तर गेल्या आठवड्यातल्या रात्री आठवायच्या. भर उन्हाळ्यात तर स्त्रीकेसराचं टोक वाढून शंकूच्या बाहेर येतं, आणि मग आतला पराग त्याच्यावर पडायचाच नाही.

मालगुंडच्या वर्षात असा गारवा किती? आहे! दिवसा खारे वारे समुद्राकडून येतात, पण थंडीच्या रात्री मतलई सुटतात, जमिनीकडून समुद्राकडे, आणि पहाटे पांघरूण ओढून घ्यावं लागतं. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर जानेवारीतली पहाट १८-१९ अंशांच्या आसपास असते. म्हणजे डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारीचा पहिला भाग ही आपली खिडकी. या दिवसांत फुलं उमलायला हवीत. त्यावरून उलटं मोजत जायचं: बी वाफ्यात टाकायचं ते गणपती-नवरात्राच्या दरम्यान, रोप आळ्यात जायचं ते भात कापून झाल्यावर, दिवाळीच्या आगेमागे. होळीनंतर नवीन फुलांची आशा सोडा, तोवर धरलेलं पिकवा. दमट हवेचंही एक आहे. हवेत पाणी फार झालं की पराग चिकट होऊन शंकूतच बसतो. म्हणून पहाटे दवात टिचकी मारणं व्यर्थ, ऊन वर आल्यावरच मारायची.

खताबद्दल एकच सांगते, कारण आमच्याकडे सगळ्यांचा हात शेणखताला सढळ. नत्र जास्त झालं की झाड पानांच्याच मागे लागतं. आबांचं "मोप झाड" म्हणजे बरंचसं हेच. फुलं दिसली की शेण-मासळीच्या कुटीचा लाड थांबवायचा आणि चुलीतली राख घालायची, तीही बेतानं. राखेत पालाश असतं, फळाला तेच लागतं.

पण आमच्या टोमॅटोचा खरा वैरी जमिनीत आहे. सकाळी टवटवीत असलेलं झाड दुपारी मान टाकतं, संध्याकाळी जरा सावरल्यासारखं करतं, आणि दोन-तीन दिवसांत उभ्याउभ्या वाळतं. पानं पिवळीसुद्धा पडत नाहीत, हिरवीच लोंबतात. लोक म्हणतात पाणी कमी पडलं, आणि आणखी दोन कळश्या ओततात. हा मर रोग. कोकणच्या उष्ण, दमट, आंबट जांभ्या मातीत याचा जिवाणू वर्षानुवर्षं टिकतो. पाण्याची तहान की मर, हे ओळखायची युक्ती इतकी सुंदर आहे की रोग झालेल्या झाडाचं दुःख क्षणभर विसरायला होतं. खोड जमिनीजवळ कापायचं, बोटभर तुकडा काचेच्या पेल्यातल्या स्वच्छ पाण्यात उभा धरायचा आणि हलवायचा नाही. मिनिट-दोन मिनिटांत कापलेल्या तोंडातून दुधाळ धागे सरळ खाली उतरू लागतात. ते जिवाणू! लाखो, कोट्यवधी, डोळ्यांनी दिसणाऱ्या धाग्याच्या रूपात. झाडाच्या पाणी वाहायच्या नळ्या त्यांनीच चोंदलेल्या असतात. असं झाड मुळासकट उपटायचं, जाळायचं, त्या आळ्याचं पाणी शेजारच्या आळ्यात जाऊ द्यायचं नाही, आणि तिथं पुढची काही वर्षं टोमॅटो, वांगी, मिरची काही लावायचं नाही. परसात जागा बदलायला वाव नसेल तर भात काढलेल्या कुणग्यात जा.

औषध मारून हा बरा होत नाही. बियाणं मात्र आहे. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठानं कोकणासाठी काढलेला 'कोकण विजय' हा टोमॅटोचा वाण आहे. विद्यापीठ १९७२ चं, आपल्याच जिल्ह्यातलं, आणि मला या वाणाचं नाव आत्ता कळतं! बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचा 'अर्का रक्षक' आहे. तो मर, पानं आखडणारा विषाणू आणि करपा अशा तिघांना तोंड देतो.

आणि कलम! हो, टोमॅटोचं कलम! मी उडालेच. वांग्याची मुळं या मातीला आणि साचलेल्या पाण्याला टोमॅटोपेक्षा चिवट, म्हणून खाली वांगं आणि वर टोमॅटो. दोघं एकाच कुळातले, त्यामुळे सांधा जुळतो. तैवानमधल्या जागतिक भाजीपाला केंद्रानं यासाठी मर न लागणारी वांगी निवडून काढली आहेत. काही ठिकाणी काटेरी रानवांगंही वापरतात. हे ऐकून बाहेरच्या माणसाला चमत्कार वाटेल, पण रत्नागिरी जिल्ह्यात आंब्या-काजूचं कलम बांधता येणारे हात प्रत्येक वाडीत आहेत. मी जवळच्या रोपवाटिकेत काजूची कलमं बांधणाऱ्या एका मुलीला विचारलं. ती हसली, ब्लेडनं दोन्ही खोडं तिरकी कापली, सायकलच्या व्हॉल्व्हच्या नळीचा चिमुकला तुकडा सांध्यावर चढवला, आणि म्हणाली, "काकी, ह्ये तं काजूपरीस सोपं हाय." वांगं हळू वाढतं म्हणून ते आधी पेरायचं, दोन्ही खोडं पेन्सिलीच्या शिशापेक्षा थोडी जाड आणि सारख्या जाडीची हवीत. मग आठवडाभर झापांच्या सावलीत, वर प्लॅस्टिक झाकून, दमट हवेत ठेवायची.

यात एक मेख आहे आणि ती मला फारच आवडली. साधं टोमॅटोचं रोप खोल लावावं, खालची पानं काढून खोड मातीत गाडावं, कारण त्या खोडावरच्या बारीक पुटकुळ्यांतून नवी मुळं फुटतात आणि रोप भक्कम होतं. कलमाचं रोप मात्र सांधा मातीच्या चांगला वर ठेवूनच लावायचं. तो मातीला टेकला की वरचा टोमॅटो आपली मुळं सोडणार, आणि मर त्याच वाटेनं आत शिरणार. वांग्याची सगळी चौकीदारी वाया!

चुन्याचं सांगायचं राहिलं. फळ अंगठ्याएवढं झालं आणि बुडाशी काळा, चामड्यासारखा डाग पडला, तर तो कीड-रोग नव्हे. फळाच्या टोकापर्यंत कॅल्शियम पोहोचलेलं नाही. आपली माती आंबट, त्यात चुना कमी, आणि जांभ्यातून पाणी झरझर निघून जातं. आज पूर, उद्या दुष्काळ असं आळं असलं की कॅल्शियम वाहून नेणारं पाणीच अडखळतं. लागवडीच्या काही आठवडे आधी मातीत चुना मिसळावा, आणि पाणी थोडं पण नेमानं द्यावं. आळ्यात नारळाची सोडणं उलटी अंथरली की ओल टिकते. बंबात जाळण्यापेक्षा हे बरं. समुद्राकडची बाजू उघडी असेल तर झापांचा आडोसा करा, खाऱ्या वाऱ्यानं पानांच्या कडा करपतात.

मार्चमध्ये आणखी एक फसवणूक होते. टोमॅटो पिकतो, पण लाल होत नाही, नारिंगी-पिवळाच राहतो. लाल रंग देणारं लायकोपिन ३० अंशांच्या वर नीट तयार होत नाही, पिवळा रंग मात्र होत राहतो. म्हणून बुडाशी तांबूस छटा आली की फळ काढावं आणि घरात गार जागी भाताच्या पेंढ्यात आढी घालावी. आंब्याची घालतो तीच, पण एकच थर. चिऱ्याच्या जुन्या घरात माजघर किती गार असतं ते आपल्याला माहीतच आहे. तिथं तो सावकाश, खराखुरा लाल होतो. पातळ सालीचा, रसाळ. टेम्पोतून घाट उतरून येणाऱ्याला जाड साल लागतेच, त्याचा दोष नाही, पण चवीत तो याच्या पासंगालाही पुरत नाही. सार करा, आमसूल न घालता. आबांना वाटीभर नेऊन दिलं. त्यांनी ते पिऊन संपवलं, वाटी ठेवली आणि विचारलं, "बी हाय काय शिल्लक?"

तर किनाऱ्यावरच्या वाचकहो, येत्या गणपतीनंतर चार रोपं तरी लावाच. भोकं पडलेला वाळका बांबू चुलीत घालू नका, कुंपणाला राहू द्या. भुंग्याची पिल्लं त्यातच वाढतात. आणि बी धरायचं तर 'कोकण विजय'चं धरा. गर दोन दिवस भांड्यात आंबवायचा, बुळबुळीत आवरण सुटलं की धुऊन सावलीत वाळवायचं. फूल स्वतःच्याच परागावर धरत असल्यामुळे रोप बहुतेक आईसारखंच येतं. 'अर्का रक्षक'चं बी मात्र ठेवू नका. तो संकरित आहे, त्याचं बी दर वर्षी नवंच घ्यावं लागतं.